नामदार नाना शंकरशेट : आगगाडी आणि शाळा



दहावीच्या भूगोलात पर्यटन, वाहतूक व संदेशवहन असा एक पाठ आहे. आमच्या इंझोरीसारख्या गावात (ता. मानोरा, जि. वाशिम) हा पाठ शिकवायला घेतला की मी आधी पोरांना हात वर करायला सांगतो. एसटीत कोण कोण बसलं? सगळे हात वर. ऑटोत? सगळे. आगगाडीत? मग मात्र वर्ग एकमेकांकडे पाहायला लागतो. पाच-सहा हात वर येतात, तेही अर्धवट. बाकीच्यांनी रेल्वे पाहिली ती मोबाइलमध्ये.

त्यांच्या आजोबांची गोष्ट वेगळी आहे. त्यांनी कारंज्याला जाऊन शकुंतला पकडलेली असते. म्हणजे एकाच घरात आजोबा आगगाडीत बसलेले आणि नातू न बसलेला. आपण वर्गात शिकवतो की वाहतूक पुढे पुढे जाते, आणि इथे तर चित्र उलटं दिसतं. मग पोरं विचारतात, भारतात रेल्वे आणली कोणी, आणि ती आपल्याकडे का नाही?

पहिल्या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर म्हणजे इंग्रजांनी. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेल्या अर्ध्या उत्तरात एक मराठी माणूस उभा आहे. त्यांचं नाव जगन्नाथ शंकरशेट. सगळे त्यांना नाना म्हणत. आज त्यांचीच ओळख करून घेऊ या. वर्गात सांगताना नुसती जन्म-मृत्यूची सनावळी न सांगता त्यांच्या कामाचा धागा धरून सांगता यावं, अशा बेताने लिहीत आहे.

बालपण

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाडला झाला. घराणं मुरकुटे, मुंबईतलं श्रीमंत व्यापारी घराणं. आई भवानीबाई नाना लहान असतानाच गेल्या. वडील शंकरशेट यांनी मुलाच्या शिक्षणाची सोय घरीच केली. त्या काळी आजच्यासारख्या शाळा नव्हत्याच. पंतोजींकडे धुळाक्षरं गिरवायची, थोडे आकडे शिकायचे, की झालं शिक्षण. नानांना घरी इंग्रजी आणि संस्कृत दोन्ही शिकायला मिळालं, कारण घरात पैसा होता. ही सोय आपल्याला मिळाली ती पैशामुळे आणि इतरांना ती मिळत नाही, याची जाणीव त्यांच्या पुढच्या कामात सतत दिसते.

१८२२ साली वडील वारले. नाना तेव्हा १९ वर्षांचे होते. मोठी मालमत्ता आणि व्यापार अंगावर पडला. दुसरा कोणी असता तर पेढीवर बसून आयुष्य आरामात काढलं असतं. नानांनी पेढी सांभाळलीच, पण पैसा आणि वेळ यांचा मोठा वाटा सार्वजनिक कामांकडे वळवला.

आधी शाळा

मुलांना सांगताना हा क्रम महत्त्वाचा आहे, बरं का. नाना रेल्वेसाठी प्रसिद्ध आहेत, पण त्यांनी आधी हात घातला तो शाळेच्या कामाला.

१८२२ साली मुंबईत गव्हर्नर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या पुढाकाराने एक शिक्षणसंस्था निघाली. शाळा काढायच्या आणि मराठी, गुजराती भाषांत पाठ्यपुस्तकं तयार करायची, हे तिचं काम. नाना या कामात तरुणपणीच ओढले गेले. १८२७ साली एल्फिन्स्टन निवृत्त होऊन निघाले तेव्हा मुंबईकरांनी त्यांच्या नावाने मोठा निधी गोळा केला. तो निधी शिक्षणासाठी वापरला गेला आणि त्यातून पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभी राहिली. या खटपटीत नाना आघाडीवर होते.

१८४० साली सरकारने बोर्ड ऑफ एज्युकेशन नेमलं. त्यावर नाना सभासद म्हणून गेले आणि १८५६ पर्यंत राहिले. म्हणजे सलग सोळा वर्षं. या बोर्डात एक मोठा वाद झाला. मुलांना शिकवायचं कोणत्या भाषेत, इंग्रजीत की देशी भाषेत? बोर्डाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी यांचा ओढा इंग्रजीकडे होता. नाना स्वतः उत्तम इंग्रजी जाणणारे, पण सामान्य लोकांपर्यंत ज्ञान न्यायचं असेल तर ते त्यांच्याच भाषेत न्यावं लागेल, अशी त्यांची भूमिका होती. इंग्रजीला त्यांचा विरोध नव्हता. फक्त मूठभरांपुरतं शिक्षण त्यांना मान्य नव्हतं. हा वाद आज आपल्या प्रत्येक गावात नव्याने चालू आहे, हे वेगळं सांगायला नको.

१८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. त्याच्या उभारणीतही नानांनी मदत केली. १८४९ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या तरुण मंडळींनी मुलींच्या शाळा काढल्या. समाज खवळलेला होता. मुलींना शिकवायचं म्हणजे घर बुडालं असं मानणारे लोक. जागा कोण देणार? नानांनी गिरगावातल्या आपल्या वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली. भाषण देणं सोपं असतं, स्वतःच्या वाड्याचं दार उघडणं अवघड.

रेल्वेच्या आधीची वाहतूक

आता आगगाडीकडे येऊ. पण त्याआधी मुलांना विचारा की रेल्वे नव्हती तेव्हा माल जात कसा होता?

आमच्या मानोरा तालुक्यात हे सांगायला लांब जावं लागत नाही. तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं मोठं श्रद्धास्थान. वर्गातली कितीतरी मुलं तांड्यांवरून येतात. त्यांचेच पूर्वज या देशाची मालवाहतूक करत होते. शेकडो, कधी हजारो बैलांचे तांडे, बैलांच्या पाठीवर गोण्या. किनाऱ्यावरून मीठ आत आणायचं, आतलं धान्य नि कापूस बाहेर न्यायचा. सैन्याला रसद पुरवायची तीही त्यांनीच. रस्ता नसेल तिथे बैल जात आणि बैल जात तिथे रस्ता होई. पाठ्यपुस्तकात वाहतुकीच्या इतिहासात हे पान नसेल तर आपण शिक्षकांनी ते जोडावं, असं मला वाटतं.

पण या वाहतुकीला मर्यादा होत्या. वऱ्हाडचा कापूस मुंबईला पोहोचायला महिने लागत. वाटेत धूळ बसे, पाऊस गाठे, गाठी भिजत. पावसाळ्यात घाट आणि नदी-नाले यांमुळे वाहतूक जवळजवळ बंदच. इंग्लंडमधल्या कापड गिरण्यांना तर कापूस हवा होता, भरपूर हवा होता आणि वेळेवर हवा होता.

रूळ कसे आले

इंग्लंडमध्ये १८३० साली लिव्हरपूल ते मँचेस्टर अशी आगगाडी सुरू झाली होती. मुंबईत अशी गाडी सुरू करण्याची चर्चा १८४३-४४ च्या सुमारास सुरू झाली. जॉर्ज क्लार्क नावाच्या इंजिनिअरने मुंबईहून घाटाकडे लोहमार्ग नेण्याची कल्पना पुढे मांडली. कल्पना कागदावर राहू नये म्हणून १८४५ साली नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई यांनी इतरांना बरोबर घेऊन इंडियन रेल्वे असोसिएशन स्थापन केली.

आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही. पण विचार करा. ज्या लोकांनी कधी आगगाडी पाहिलेली नाही, त्यांना तिच्यात पैसे घालायला तयार करायचं होतं. जमिनी, परवानग्या, सरकारचा होकार, लंडनमधल्या भांडवलदारांचा भरवसा, सगळं जुळवायचं होतं. तिथे नानांची पत कामी आली. पुढे ही संस्था ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे या कंपनीत सामील झाली. ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने ही कंपनी १ ऑगस्ट १८४९ रोजी अस्तित्वात आली. आपण जिला जीआयपी म्हणून ऐकतो ती हीच, आजच्या मध्य रेल्वेची पूर्वज. तिच्या दहा संचालकांत दोनच हिंदी होते, जमशेटजी आणि नाना.

३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीवजवळ कामाचा पहिला घाव बसला. आणि १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी निघाली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, २१ तोफांची सलामी. अंतर ३४ किलोमीटर. तास-सव्वा तासात गाडी ठाण्याला पोहोचली. त्या गाडीत नाना शंकरशेटही बसले होते. मुरबाडला जन्मलेल्या या माणसाचं वय तेव्हा पन्नास होतं.

मुलांना त्याच काळातल्या आणखी दोन गोष्टी सांगायला विसरू नका. १८५४ साली देशभर अर्ध्या आण्याचं टपाल तिकीट सुरू झालं. ठरावीक वजनाचं पत्र देशात कुठेही त्याच दरात जाऊ लागलं. आणि त्याच सुमारास तारयंत्राने मुंबई कलकत्त्याशी जोडली गेली. म्हणजे रेल्वे, टपाल आणि तार ही तिन्ही जाळी दोन-तीन वर्षांच्या आत विणायला सुरुवात झाली. वाहतूक आणि संदेशवहन हे एकाच पाठात का आहेत, याचं उत्तर इथे मिळतं.

घाट

कल्याणपर्यंत रूळ जायला १८५४ साल उजाडलं. पुढे सह्याद्री आडवा होता. बोरघाट आणि थळघाट फोडल्याशिवाय रेल्वे देशावर येणार नव्हती. बोरघाटाचं काम १८५६ ला सुरू झालं आणि १८६३ ला संपलं. हजारो मजूर डोंगराला लटकून सुरुंग लावत होते. दरडी कोसळत, कॉलऱ्याची साथ येई, माणसं मरत. त्यांची नावं कोणत्याही पाटीवर नाहीत. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली भारतात आल्यानंतर थोड्याच दिवसांत वारला, तेव्हा त्याची पत्नी अॅलिस हिने कंत्राट सोडलं नाही, माणसं नेमून काम पुरं करून घेतलं. मुलींच्या वर्गात हे जरूर सांगा.

थळघाटाचा मार्ग १८६५ च्या सुरुवातीला खुला झाला. वऱ्हाडाकडे येणारी वाट ती हीच. नाना शंकरशेट ३१ जुलै १८६५ रोजी वारले. मुंबई ते नागपूर असा अखंड लोहमार्ग १८६७ ला तयार झाला. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत गाडी नागपूरला पोहोचली, तेव्हा नानांना जाऊन दुसरं वर्ष चालू होतं.

दुसरी बाजूही सांगू या

थोर माणसाचं चरित्र सांगताना आपण सगळं गोड गोड सांगतो. मोठी मुलं मात्र विचारतात, आणि त्यांनी विचारायलाच हवं, की या रेल्वेचा फायदा झाला कोणाला?

रेल्वे कंपन्यांना सरकारने गुंतवणुकीवर पाच टक्के व्याजाची हमी दिली होती. नफा कमी पडला तर भरपाई सरकारी तिजोरीतून, म्हणजे इथल्या रयतेच्या पैशातून व्हायची. कच्चा कापूस रेल्वेने बंदराकडे गेला आणि त्याच रुळांवरून तयार कापड परत आलं. आमच्या भागातल्या बंजारा समाजाचा तर पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदाच बसला. बैलांचे तांडे थांबले. वर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांच्यातल्या कित्येकांवर शिक्का मारला. जे एकेकाळी देशाची वाहतूक चालवत होते, त्यांच्या फिरण्यावरच संशय घेतला जाऊ लागला.

मग नाना चुकले का? याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देऊ नये. दहा संचालकांतल्या दोघांच्या हाती कंपनीचं धोरण नव्हतं, हे खरं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते असं. नानांनी रुळांबरोबर शाळाही बांधली. १८५२ साली मुंबईत बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, राज्यकारभारात हिंदी लोकांना वाटा मिळावा म्हणून पार्लमेंटकडे अर्ज करणारी. तिचे अध्यक्ष नाना होते. म्हणजे आगगाडी येण्याच्या एक वर्ष आधी, राज्यकर्त्यांना जाब विचारणारी संस्था त्याच माणसाने उभी केली होती.

आणि ज्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनसाठी नानांनी खटपट केली, तिथेच दादाभाई नौरोजी शिकले आणि पुढे प्राध्यापकही झाले. मुलींच्या शाळा काढणाऱ्या तरुणांत दादाभाई होते. पुढे याच दादाभाईंनी इंग्रज राज्यात भारताचा पैसा कसा बाहेर जातो याचा हिशोब मांडला. त्या हिशोबात रेल्वेचं व्याजही होतं. आगगाडी आणण्यात नानांचा हात होता आणि त्या आगगाडीचा हिशोब विचारणारा विद्यार्थी जिथे घडला त्या शाळेमागेही नानांचाच हात होता.

आमच्या शेजारचं उदाहरण द्यायचं तर पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक. बंजारा समाजातला मुलगा, शिकून वकील झाला आणि १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचा मुख्यमंत्री राहिला. बैलांचे तांडे परत आले नाहीत, पण तांड्यावरची पोरं शाळेत आली.

आमची शकुंतला

आता इंझोरीच्या पोरांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. रेल्वे आपल्याकडे का नाही?

मुख्य मार्ग मूर्तिजापूरवरून गेला. तिथून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक अरुंद रुळांची गाडी कारंजा, दारव्हा करत यवतमाळला आणि दुसरीकडे अचलपूरला नेण्यात आली. तीच शकुंतला. ती बांधली एका खासगी कंपनीने, आणि मुख्यतः कापसासाठी. जिथे कापसाचा बाजार तिथे स्टेशन. इंझोरीसारख्या गावांनी स्टेशन गाठायचं तर बैलगाडीने, नाहीतर पायी कारंज्याला जायचं.

मी लहानपणी कारंज्याहून मूर्तिजापूरला शकुंतलेने गेलो आहे. गाडी इतकी हळू की शेतातली माणसं ओळखू यायची. पण तिकीट मजुराला परवडायचं. कापसासाठी आलेली गाडी शेवटी माणसांची झाली होती. दवाखान्याला, कोर्टाला, लग्नाला, कॉलेजला जाणाऱ्यांची. गेली काही वर्षं ती बंद आहे. रूळ गवतात हरवले आहेत.

दुसरीकडे आपल्या वाशिम जिल्ह्यातूनच समृद्धी महामार्ग गेला आहे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, २०२५ साली पूर्ण झाला. कारंज्याजवळून गाड्या सुसाट जातात. चांगली गोष्ट आहे. पण त्या रस्त्यावर एसटीची वाट पाहत थांबता येत नाही, सायकल चालवता येत नाही. सातवीनंतर शेजारच्या मोठ्या गावाच्या शाळेत जाणाऱ्या मुलीचा रस्ता तो नाही. तिचा रस्ता म्हणजे गावातून फाट्यापर्यंतचा डांबर उखडलेला तुकडा, पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की बंद होणारा. तिची वाहतूक व्यवस्था म्हणजे सकाळची एक एसटी आणि अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास. ती एक गाडी आठ दिवस आली नाही तर पालक सांगतात, आता राहू दे घरीच. माझ्या वर्गातल्या एका मुलीची शाळा अशीच सुटता सुटता राहिली. चार पालकांनी मिळून ऑटो ठरवला म्हणून ती दहावीला बसली.

म्हणून मला नाना आठवतात. रूळ आणि शाळा ही दोन वेगळी कामं नाहीत, हे त्यांनी जगून दाखवलं. शाळेपर्यंत पोहोचवत नसेल तो रस्ता अपुरा. आणि रस्त्यावरून काय जातं, कोणासाठी जातं, असं विचारायला शिकवत नसेल ती शाळाही अपुरी.

नानांच्या स्मरणार्थ संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती सुरू झाली. मॅट्रिकला संस्कृतमध्ये पहिला येणाऱ्याला ती मिळे. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली, जे पुढे देशाचे अर्थमंत्री झाले. मुंबईत ग्रँट रोडजवळच्या चौकाला नानांचं नाव आहे. आमच्या पोरांनी नाना चौक पाहिलेला नाही, पण नानांचं काम त्यांना समजू शकतं.

वर्गात घेता येतील असे उपक्रम

१. प्रत्येक मुलाने आजी-आजोबांना विचारून लिहावं : तुम्ही पहिल्यांदा गावाबाहेर कशाने गेलात, किती वेळ लागला, तिकीट किती होतं?

२. गावाचा नकाशा काढून त्यात शाळा, दवाखाना, बाजार, फाटा, टपाल कार्यालय दाखवावं. पावसाळ्यात कोणता रस्ता बंद होतो तो लाल रंगाने रंगवावा.

३. तांड्यावरच्या ज्येष्ठांना शाळेत बोलवावं आणि लदणीच्या जुन्या वाटांची माहिती ऐकावी.

४. लाल रंगाच्या रस्त्याबद्दल मुलांनी ग्रामपंचायतीला व एसटी आगाराला विनंती पत्र लिहावं. मराठीच्या पेपरात औपचारिक पत्र येतंच. ते खोट्या विषयावर लिहिण्यापेक्षा खऱ्या विषयावर लिहू द्या आणि टपालात टाका.

आम्ही यंदा चौथा उपक्रम केला. सव्वीस पत्रं गेली. एसटी अजून वेळेवर येत नाही. पण आता ती किती उशिरा आली याची रोजची नोंद पोरं वहीत ठेवतात, आणि पुढच्या पत्राला ती जोडायची असं त्यांनीच ठरवलं आहे.